मागच्या सीटवरचा कान

ती गाडी मागे बसणाऱ्या बाईचा विचार करून बनवलेली नव्हती. बनवणाऱ्याने धरून चाललं होतं की मागचा माणूस दोन्हीकडे पाय टाकून बसेल. लुगडं नेसलेली बाई एका बाजूने बसते, तिचं वजन सगळं डावीकडे पडतं, आणि गाडी दिवसभर डावीकडे ओढत राहते. चालवणाऱ्याचा उजवा खांदा दुखायला लागतो.

मिस्त्रींचा दुखायला लागला तेव्हा त्यांनी उपाय केला. मिस्त्री म्हणजे माझे नवरे. दिग्रसला जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, फिटर होते, सगळं गाव मिस्त्री म्हणे, मीही तेच म्हणायची. त्यांनी एक दिवस मला जिनात नेऊन कापूस तोलायच्या काट्यावर उभं केलं.

काटेवाला म्हणाला, "काय मिस्त्री, वहिनीले इकून राह्यले का?"

"भाव कुठं हाय?" मिस्त्री म्हणाले.

गाडीच्या उजव्या बाजूला त्यांनी लोखंडी पेटी लावलेली होती, हत्यारांची. ती जरा बाहेरच्या अंगाला सरकवली आणि तिच्यात रेच्याच्या जुन्या सुऱ्या भरल्या. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र, त्याला हातभर लांब पोलादी सुऱ्या असतात. माझ्याएवढं वजन भरावं लागलं नाही. पेटी गाडीच्या मधल्या रेषेपासून माझ्यापेक्षा लांब होती, म्हणून थोडं पुरलं. बाजारातल्या दांडीच्या काट्याला वजन दांडीवर लांब सरकवलं की जास्त भार तोलतं, तसंच हे, असं त्यांनी सांगितलं. मी चौथी शिकले, पण हे मला लगेच कळलं. मग सरळ रस्त्यावर त्यांनी दोन्ही हात सैल सोडून पाहिले. गाडी सरळ चालली.

गाडी त्यांनी जुनीच घेतली होती. काळी, जड, एका सिलिंडरची. उभी करायला ताकद लागायची, एकदा चालायला लागली की वजन जाणवत नसे. मी विचारलं होतं, एवढं लोखंड कशाला. मिस्त्रींनी जात्याचं सांगितलं. जात्याची वरची तळी जड असते म्हणून एकदा फिरवली की हात सैल सोडला तरी फिरते. या इंजिनाच्या पोटातही तशीच दोन जड चाकं आहेत. पेट्रोलचा बार एकदा उडतो आणि पुढचा उडेपर्यंत ती चाकं गाडी ओढून नेतात. म्हणून ही गाडी चढावर दम टाकत नाही आणि घाईही करत नाही. एका वेगात दिवसभर चालायची. दोन-तीनशे किलोमीटर गेलं तरी माणूस उतरल्यावर जेवू शकायचा. नव्या हलक्या गाड्यांवर तेवढ्यात हातांना मुंग्या येतात.

किक मात्र समजून मारावी लागे. दिव्याच्या वर करंटचा छोटा काटा होता. किक हळूहळू दाबत काटा मधोमध आणायचा, मग डाव्या मुठीजवळची बारीक दांडी ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक थोडी पुढे न्यायची, दांडी सोडायची आणि मग अंग टाकून मारायची. नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडते. आमच्या गल्लीत दोघांच्या नडग्या त्या गाडीने फोडल्या होत्या, दोघंही न विचारता बसलेले.

लग्नाच्या आधी मी त्याच जिनात चार हंगाम रेच्यावर कापूस टाकायला होते. तिथे ओळीने रेचे चालतात आणि माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून जिनात सगळं हाताने बोलतात. मूठ वर केली की रेचा बंद करा. पंजा हलवला की कापूस कमी पडतो आहे. बोटं दाखवली की तेवढ्या नंबरचा रेचा. जेवायचं, पाणी, मालक आला, चहा, सगळ्याला खूण. मी कानावर फडकं बांधून काम करायची, बाकीच्या बाया मला हसायच्या. फडक्यातूनही मला कुठला रेचा बिघडला ते आवाजावरून कळायचं. सुरी घासायला लागली की आवाज कोरडा होतो. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं आणि बहुतेक त्यामुळेच त्यांनी मागणी घातली. दुसरं काही कारण असलं तर मला माहीत नाही.

मिस्त्रींनी कानाला कधी फडकं बांधलं नाही. पन्नाशीला त्यांना ऐकू येईनासं झालं. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण जिनात बहिरा आणि चांगला एकसारखेच वागतात. खुणा चालूच होत्या. ते पहिल्यापासून मोठ्याने बोलायचे, ते आणखी मोठ्याने बोलू लागले. घरी मी काही म्हटलं की माझ्या तोंडाकडे पाहून ओळखायचे. मी पाठमोरी असले की नाही.

बहिरेपण त्यांनी लपवलं आणि मीही लपवलं. ती कापसाच्या हालांची वर्षं होती. शेतात पिकेना, पिकलं तर भाव मिळेना, आणि जिनं एकामागून एक बंद पडत होती. दिग्रसचं आमचं जिनही हंगामातून काही आठवडेच चालायचं. जी जिनं चालू होती त्यांनी कायमचा फिटर ठेवायचं बंद केलं. मग मिस्त्री फिरते फिटर झाले. दिग्रस, तिथून यवतमाळ, तिथून वणी, वणीहून खाली मुकुटबनकडे. दर फेरीला चार-पाच दिवस. रेच्याच्या रोलरला चऱ्या, म्हणजे खाचा, पाडायच्या, सुऱ्यांना धार लावायची, सुरी आणि रोलरमधली फट लावून द्यायची. एवढ्या हत्यारांसह एसटीने जाता येत नव्हतं. गाडी पाहिजेच. आणि फिटर बहिरा आहे असं एका मॅनेजरला कळलं असतं तर ते चारही जिनांना कळलं असतं.

मी बरोबर जाऊ लागले ते यासाठी. रस्त्यावर मागून ट्रक आला, हॉर्न वाजला, तर त्यांना कळायचं नाही. मी पाठीवर एक टिचकी मारायची: मागे गाडी आहे. दोन: ओव्हरटेक करते आहे, डावीकडे घ्या. सपाट हात: थांबा. जिनात गेल्यावर मी रेच्यांच्या ओळीतून एकदा चालून यायची आणि कुठला बिघडला आहे ते बोटांनी दाखवायची. मग ते जाऊन दुरुस्त करायचे. दुरुस्त करण्यात त्यांच्यासारखा माणूस नव्हता. फक्त कुठे ते मी सांगायची.

गाडीचंही तसंच. सकाळी इंजिन थंड असताना ते टॅपेट, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्या, लावायचे. बोटांनी दांडी फिरवून पाहायची, फिरली पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. तेवढं ते बोटांनी करत. मग इंजिन चालू करून मी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायची आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. वर टॅपेटची टिकटिक, मध्ये पिस्टन, खाली जड चाकांचा घरघराट. मी मान हलवली की निघायचं.

वणीचा मॅनेजर एकदा म्हणाला, "मिस्त्री, बाईले कायले आनता हो दरवेळी?"

मी मिस्त्रींच्या समोर उभी राहून हळूच जेवायची खूण केली. ते मोठ्याने म्हणाले, "मंग डबा कोन चारन मले, तुमी?"

रेच्यावरच्या बाया मला म्हणायच्या, "मिस्त्रीनबाई, नवरा पळून जाईन म्हून मांगं बसता का वं?" मी म्हणायची, हो. त्या हसायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. त्या नव्या होत्या, माझ्या वेळच्या कोणी उरल्या नव्हत्या. मिस्त्रींची बायको म्हणून माझ्याशी कोणी बसून बोलत नसे, आणि हातात काम नसलेल्या बाईशी काम करणारीने काय बोलायचं.

असे चार हंगाम गेले. कोणी मला विचारलं तर मी सांगायची, बरं चाललं आहे. खरं असं होतं की दिवसचे दिवस मी तोंडातून शब्द काढत नव्हते. चार-चार तास त्यांच्या पाठीमागे बसायचं आणि पाठ पाहायची. वेशीवर ओळखीचं कोणी दिसलं तरी गाडी थांबत नाही. मग जिनातली फिटरची खोली, एक खाट, एक मडकं, भिंतीवर आधीच्या फिटरांनी खिळ्याने कोरलेलं, हिशेब नाहीत की नावं नाहीत, नुसत्या रेघा. मी तिथे बसून रेचे ऐकायची. घरी आलो की मिस्त्री झोपायचे. शेजारणी आमच्याकडे येईनाशा झाल्या होत्या, कारण मी असायची नाही, आणि असले तर घरात ओरडून बोलावं लागे. मूल नव्हतं. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

मला ते घरी पाहिजे होते. समोर बसले की माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि थोडं का होईना बोलणं व्हायचं. दारात सायकलींचं, पंपांचं काम घेता आलं असतं, दोघांना पुरलं असतं. मी तसं सांगितलंही.

"सायकली?" ते म्हणाले. "मी सायकलीचे पंचर काढू?"

"काय वाईट हाये?"

"काई नाई. तू काढ."

आणि हत्यारं पुसायला लागले. त्या दिवशी मला कळलं की गाडी चालते तोवर हा माणूस घरी बसणार नाही.

पाचव्या हंगामात, वणीच्या वाटेवर, मला खालून एक आवाज आला. टॅपेटचा आवाज वरचा असतो, बारीक. हा खालून, जाड होता, दार आतून कोणी बुक्कीने ठोकावं तसा. चढावर यायचा, उतारावर नाहीसा व्हायचा. पिस्टनचा दांडा खाली जड चाकांना जिथे जोडलेला असतो तिथला बुश, म्हणजे धातूचं कडं, झिजायला लागला की असा आवाज येतो. मिस्त्रींनीच मला शिकवलं होतं. हा आवाज आला की गाडी तिथेच थांबवायची, पुढे एक किलोमीटरही न्यायची नाही, असंही शिकवलं होतं.

मी पाठीवर सपाट हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टॅपेट पाहिले, इंजिन चालू केलं, मी पेचकस लावला. आवाज अजून हलका होता, पण होता. मी मान हलवली. निघालो.

त्यांच्या पायांना काहीतरी लागत असावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी गाडी कडेला घेतली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खाली काई आवाज हाये का? पायाले वेगळं लागून राह्यलं."

मी म्हटलं, "नाई."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग, "रस्ता खराब हाये मंग," म्हणाले आणि पुढे वळले.

मी काय विचार केला होता ते सांगते. मला वाटलं होतं आवाज वाढत जाईल, एक दिवस इंजिन दम टाकेल आणि गाडी हळूहळू उभी राहील, जसा पट्टा काढल्यावर रेचा फिरत फिरत थांबतो. मग इंजिन उघडायचा खर्च पाहून ते म्हणतील, जाऊ दे. जिनात चार वर्षं आणि गाडीवर चार वर्षं काढलेल्या बाईने असा विचार करायला नको होता. रेचा थांबला तर त्याच्यावर कोणी बसलेलं नसतं.

पुढच्या फेरीला वणीचं काम संपवून आम्ही मुकुटबनला निघालो. कोळशाचे ट्रक मागे पडले होते, रस्ता मोकळा होता. खालचा आवाज आता मला पेचकसाशिवाय ऐकू येत होता. मुकुटबन जवळ आलं तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचं. हात उचलला आणि तेवढ्यात इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी घट्ट झालं आणि घासत गेलं. मिस्त्रींची दोन बोटं नेहमी क्लचवर असायची, त्यांनी क्लच दाबला, चाक सुटलं, त्यामुळे आम्ही वाचलो. गाडी पडली ती वेग उतरल्यावर. मी डावीकडे बसलेली, डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं. मिस्त्रींचा गुडघा सोलला.

कापूस घेऊन चाललेला मेटाडोर थांबला. गाडी कापसावर आडवी टाकली, तेल गळू नये म्हणून खाली पोतं घातलं. ड्रायव्हर म्हणाला, "बुवा, एवढी जुनी गाडी कायले फिरवता?" मिस्त्रींना ऐकू आलं नाही.

हाताला प्लास्टर घालून आठ दिवसांनी आम्ही दिग्रसला घरी होतो. अंगणात पोत्यावर मिस्त्रींनी इंजिन उघडलं. मी पायरीवर बसले. त्यांनी तेल परातीत ओतलं. तेलात चांदीसारखा चुरा होता. त्यांनी बोटाने तो फिरवला. मग खालची जड चाकं बाहेर काढली, दांडा हलवून पाहिला, बुश पाहिला. त्याच्यावरचा पांढरा धातू खरवडून गेला होता.

"हे एका दिवसाचं काम नाई," ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले ऐकू येत होतं?"

मी मान हलवली.

"किती दिवस?"

डावा हात गळ्यात बांधलेला होता. मी उजव्या हाताची पाच बोटं दाखवली, मूठ केली, आणि परत पाच दाखवली.

त्यांनी चिंधीने एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "घरी बसवाचं होतं मले?"

"हो."

"मंग सांगाचं ना तसं."

"सांगतलं होतं. बसले असते का?"

त्यांनी माझे ओठ वाचले. "नाई," म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मला शिव्या खायची तयारी होती. त्यांनी दिल्या नाहीत. इंजिनातली चाकं पोत्यात बांधून एसटीने यवतमाळला नेली, नवा बुश बसवून आणली. तीन आठवडे अंगणात इंजिन जोडत होते. मी एका हाताने स्वयंपाक करायची. ते खरंच घरी होते, समोर होते, आणि आमचं बोलणं पहिल्यापेक्षा कमी होतं. ताट ठेवलं की जेवायचे. माझ्या तोंडाकडे पाहायचे नाहीत.

इंजिन चालू केलं त्या दिवशी मला वाटलं हाक मारतील. मी पदराला हात पुसून दारात आले. मिस्त्रींनी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. टोक वर टॅपेटजवळ नेलं, मग मध्ये, मग खाली. मग गाडी बंद करून टॅपेटचं झाकण काढलं, पाना घेऊन काहीतरी किंचित फिरवलं, परत चालू केलं, परत दातांत धरलं. ऐकू त्यांना काहीच येत नसणार. पण आतली थरथर दातांना कळत होती. मी दारात उभी राहून ऐकलं. वरची टिकटिक बरोबर झाली होती. माझ्या कानाने लागायची त्यापेक्षा बारीक लावली होती त्यांनी.

दुसऱ्या दिवशी बाजारातून ट्रकचे दोन मोठे आरसे आणले आणि हँडलला दोन्हीकडे लावले. त्या आरशांनी गाडी वेडीवाकडी दिसायला लागली. मी विचारलं, जिनात कुठला रेचा बिघडला ते कसं कळणार. त्यांनी पेचकस दाखवला.

मी म्हटलं, "हात बरा झाला का मी येतेच."

"नको," ते म्हणाले.

हंगाम अजून होता. ते एकटे गेले. पाचव्या दिवशी आले, जेवले, झोपले. परत गेले. वणीच्या मॅनेजरला त्यांच्या बहिरेपणाचं कोणीतरी सांगितलं असेल किंवा त्याला आधीपासून माहीत असेल, त्याने काम बंद केलं नाही. बहिरा फिटर दातांनी रेचा तपासतो हे पाहायला म्हणे बाया गोळा व्हायच्या.

प्लास्टर निघालं, मनगट जरा वाकडंच बसलं. घरी आता मी एकटी. बोलायला मिळेल म्हणून मी शेजारी जाऊन बसायची, पण इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं पुढे निघून गेलं होतं. कोणाची सून, कोणाचं भांडण, मला आगापिछा माहीत नसे. मी उठून यायची. लवकर जेवायची. गाडी चौकात वळली की मला घरातून ऐकू यायची, एवढा तिचा आवाज ओळखीचा होता, आणि मी चूल पेटवायची.

एकदा अशीच संध्याकाळी गाडी आली आणि मला ऐकू आलं की वरचा एक टॅपेट सैल आहे. मी बाहेर गेले. त्यांनी गाडी उभी केली. मी त्यांच्या समोर उभी राहिले, इंजिनाकडे बोट केलं आणि तोंडाने नीट सांगितलं, "वरचा सैल हाये."

"मालूम हाये," ते म्हणाले. "सकाळी करतो." आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर मी आवाज सांगितला नाही.

ते अजून सहा हंगाम फिरले, मग गुडघे गेले आणि किक मारता येईना, तेव्हा बंद केलं. तेव्हा घरी बसले. दारात सायकलींचं काम घेतलं, न कुरकुरता केलं. दुपारी माझ्यासमोर बसून चहा प्यायचे आणि माझ्या तोंडाकडे पाहून मी काय म्हणते ते ओळखायचे. बोलायला फार काही नसे. इंजिनाच्या त्या गोष्टीवरून त्यांनी मला मरेपर्यंत एकदाही बोल लावला नाही. त्या सहा हंगामांत मागे बस असंही एकदा म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.